उजव्या बुटाचं टोक

माझा उजवा बूट डाव्याच्या आधी संपतो. चार महिन्यांत त्याचं टोक घासून आतलं कापड दिसायला लागतं, आणि डावा मात्र तोवर दुकानातून आणल्यासारखाच असतो. यवतला स्टँडजवळ बसून चपला शिवणारे मामा मला लहानपणापासून ओळखतात ते या टोकामुळं. तोंडाकडं बघायच्या आधी ते पायाकडं बघायचे आणि म्हणायचे, "आली का उजवी?" मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते न बघता बघणाऱ्या माणसांचं.

जन्मले तेव्हा मी उशिरा रडले. तेवढ्या वेळात मेंदूला काय कमी पडायचं ते पडलं. उजवा हात कोपरात वाकतो, बोटं मुठीत जातात, उजव्या पायाची टाच जमिनीला पुरती टेकत नाही आणि टोक घासत येतं. दवाखान्यातल्या कागदावर सेरेब्रल पाल्सी लिहिलंय. गावात म्हणतात, पोरीच्या अंगावरून वारं गेलं. मला दोन्ही शब्दांचं काही नाही. पाय माझाच आहे.

आईनं मात्र या पायाशी उभा दावा मांडला होता. ती वाईट बाई नाही. शेवंतीच्या तोडणीला पहाटे उठणारी, माझ्या वडलांच्या, आप्पांच्या बरोबरीनं फुलांचे क्रेट टेम्पोत चढवणारी बाई. पण मला बारावं लागलं तशी तिनं मला चालायला शिकवायला घेतलं. ओट्यापासून गोठ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. "हात वढनीखाली. पाऊल बारीक. टाच दाब, अजून दाब. लोकांसमोर नीट चाल गं बाई, मग घरात कशी बी लोळ." टाच दाबली की पोटरीत आतून कुणी पीळ घातल्यासारखं दुखायचं. पण वीस-पंचवीस पावलं मी सरळ चालू शकायला लागले. पाहुणे आले, चहा नेऊन दिला, परत आले, एवढं भागायचं. मग आतल्या खोलीत जाऊन पाय चेपत बसायचं.

दोनदा मला बघायला पाहुणे आले. पहिल्या वेळी मुलाची आत्या म्हणाली, "जरा चालून दाखव बाळा." मी स्वयंपाकघराच्या दारापासून टीव्हीपर्यंत चालून दाखवलं. "स्वयपाक येतो?" येतो. "जिना चढती?" चढते. "काय तरास?" काय न्हाई. आत्याबाई खूश झाल्या. "चांगली तर चालती की, लोक उगी बोलत्यात." मग त्यांना कुणीतरी गावातून खरं काय ते सांगितलं आणि त्यांचा फोन यायचा बंद झाला. दुसऱ्या वेळी तर पोहे संपायच्या आत कळलं होतं. आईचा धडा मात्र अंगात मुरला. समोर अनोळखी माणसं खुर्च्यांवर ओळीनं बसलेली दिसली की माझा हात आपोआप ओढणीखाली जातो. मला विचारत नाही.

धावायला लावलं ते सरांनी. मी आठवीत होते आणि ते आमच्या शाळेत पीटीचे शिक्षक होते. कवायतीच्या तासाला मी पायरीवर सगळ्यांची दप्तरं सांभाळत बसायची. एक दिवस सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तू का बसलीस?"

"सर, मला पळता येत नाही."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनी."

"मी सांगितलं का?"

नाही सांगितलं, म्हटलं. मग ऊठ, म्हणाले. त्या दिवशी मी मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीनदा पडले. दोन्ही गुडघे फुटले. पोरं हसली. सर हसले नाहीत, त्यांनी उचललंही नाही, फक्त चालत राहिले माझ्या बाजूनं. हात छातीशी आला तसा मी तो लपवायला गेले, तर म्हणाले, "हाताचं सोड. हात जाईल तिकडं जाऊ दे, तू पुढं बघ." मला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. घरी येऊन मी आईला गुडघे दाखवले आणि रडताना हसत होते. ती म्हणाली, "पोरगी खुळी झाली."

सरांनीच सगळी माहिती काढली. सेरेब्रल पाल्सी असून उभं राहून धावणाऱ्यांचे चार वर्ग असतात, पस्तीस ते अडतीस. आकडा जितका लहान, तितका शरीरावर परिणाम जास्त. ज्याचं-त्याचं शरीर तपासून वर्ग ठरवतात, म्हणजे बरोबरीच्यांशी बरोबरी होते. मी सदतीसमध्ये बसले. शंभर मीटर. दोनदा राज्यात पहिली आले, एकदा देशाच्या स्पर्धेत चौथी. चौथी म्हणजे पदकाच्या एक पायरी खाली. माझ्यापुढच्या पोरीची पाठ मला अजून दिसते. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. राज्याकडून पुन्हा जायचं आणि ती पाठ मागं टाकायची. आमच्या वर्गात राज्याकडून एकच जागा असते. ती माझी होती. कुणी दिलेली नव्हती, मी पळून मिळवली होती.

सरांची बदली शिरूरला झाली तेव्हा मी बी.ए. करत होते. पुढं रांजणगावच्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर नोकरी लागली आणि मी कारेगावात खोली घेतली. सेकंड शिफ्ट मागून घेतली. सकाळी वडापच्या जीपनं शिरूरला जायचं, सरांच्या मैदानावर दोन तास घाम गाळायचा, परत येऊन जेवायचं आणि कंपनीची बस पकडायची. मला माझ्या आयुष्याचा हेवा वाटायचा.

सरांची एक पद्धत होती. दर रविवारी ते प्रत्येकाचा मोबाईलवर व्हिडिओ काढायचे. धावतानाचा, चालतानाचा, पायऱ्या चढतानाचा. "डोळ्याला फरक दिसत नाही, मोबाईलला दिसतो," म्हणायचे. माझे आठवीपासूनचे व्हिडिओ त्यांच्याकडं होते. कधीकधी जुना लावून दाखवायचे. त्यात मी केवढी वाकडी पळायचे! हात गळ्यापर्यंत, पाय बाहेरून गोल फिरून यायचा. आता हात कमरेच्या वर जात नव्हता. दहा वर्षं एकेक इंच खाली आणला होता तो. सर अभिमानानं इतरांना दाखवायचे, आणि मीही फुगून जायचे.

मग गणपतीच्या सुमारास ती आली. न्हावऱ्याच्या पुढच्या एका वाडीतली, एकोणीस वर्षांची. शाळेत रिलेमध्ये धावायची, तालुक्याच्या पुढं कधी गेली नव्हती. सर म्हणाले, "हिलाही जन्मापासून आहे, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. नीट बघितलं तर दिसतं." मी नीट बघितलं. मला काही दिसलं नाही. पण माझंही पंचवीस पावलं कुणाला दिसत नाही, असं मी मनात म्हटलं आणि गप्प बसले. सर म्हणाले, "तुझ्या खोलीवर राहू दे. तुझ्यामागं पळेल, तुझी लय धरेल. धाकटी बहीण समज."

मी समजले. खरंच समजले. ती मला ताई म्हणायची, माझ्या आधी उठून चहा टाकायची, कंपनीतून आले की पाय चेपून द्यायची. मैदानावर सर तिला माझ्यामागं तीन पावलांवर ठेवायचे. नव्या पोराला जुन्याच्या मागं पळवतात, त्यात नवल काही नव्हतं. आणि खोलीवर ती प्रश्न विचारायची.

"ताई, बोटं कवा वळत्यात? पळायच्या आधी का दमल्यावर?"

"दोन्ही वेळा. पण दमल्यावर अंगठा आत जातो."

"असा?"

"असा नाही, ह्या बोटांखाली."

मी तिचा हात हातात घेऊन अंगठा बोटांखाली घालून दाखवला. सदऱ्याचं बटण एका हातानं कसं लावते ते दाखवलं. बादली उचलताना उजवा खांदा का वर जातो ते सांगितलं. सकाळी उठल्यावर पाय जास्त आखडतो आणि गरम पाण्यानं सुटतो, हेसुद्धा. माझ्या शरीराबद्दल मला एवढं कुणी कधी विचारलं नव्हतं. आईनं लपवायला सांगितलं, लोकांनी नजर वळवली, डॉक्टरांनी कागद भरले. ही पहिली होती जी न लाजता विचारत होती. मी सांगत सुटले. मूर्खासारखी सांगत सुटले.

एकदा मी आंघोळ करून आले तर ती आरशासमोर उजवा हात छातीशी धरून उभी. मला बघून लाजली. "तुमचं बघून बघून सवय लागली ताई." मी पोट धरून हसले. म्हटलं, बरं झालं, आता आपण दोघी मिळून एक बादली उचलू.

खंडेनवमीला आमच्या मैदानावर बुटांची पूजा असते. ज्याची जी हत्यारं. कंपनीत मशीनला हार घालतात, आप्पा विळे मांडतात, आम्ही बूट, स्पाईक, सरांची शिट्टी आणि स्टॉपवॉच मांडतो. आणि रीत अशी की, जुन्या खेळाडूनं आपले वापरलेले बूट त्या दिवशी नव्या खेळाडूला द्यायचे. माझे पहिले बूटही असेच एका ताईकडून आले होते. त्या दसऱ्याला मी नवे बूट घेतले होते, निळे. जुने मी धुऊन मांडले. सरांनी स्वतः ते उचलले, उजव्याच्या घासलेल्या टोकाला हळद-कुंकू लावलं आणि माझ्या हातात दिले. "दे हिला." मी दिले. ती माझ्या पाया पडली. तिला ते एक नंबर मोठे होते, तर मीच पुढं कापूस घालून दिला.

राज्याची निवड थंडीत होती. माझ्या वर्गावर 'पुन्हा तपासणी' असा शेरा होता. वय वाढतं तसं शरीर बदलतं, म्हणून असा शेरा असतो. मला काही भीती नव्हती. आदल्या संध्याकाळी सरांनी मला बाजूला घेतलं. "उद्या नवे बूट घाल. नीटनेटकी जा. आत मोठी माणसं बसलेली असतात." मी हो म्हटलं. पाहुण्यांची सगळी गोष्ट, आत्याबाई, टीव्हीपर्यंतची पावलं, आपोआप ओढणीखाली जाणारा हात, हे मी त्यांना केव्हाच सांगितलं होतं. मैदानावर बसून हसत हसत, नक्कल करून. सर पण हसले होते. त्यांना सगळं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी आत गेली. बराच वेळ लागला. बाहेर आली तेव्हा बूट हातात होते, माझे जुने. माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, घाबरली असेल.

मग मला बोलावलं. आत तिघं जण टेबलामागं खुर्च्यांवर ओळीनं बसलेले. दोन पुरुष आणि पांढऱ्या कोटातल्या एक बाई. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "या. जरा चालून दाखवा."

तेवढं पुरलं. हात जाकिटाच्या खिशात गेला. पाऊल बारीक झालं. टाच दाबली. मी त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत गेले आणि वळून परत आले. पोटरीत कळ उठत होती आणि तोंडावर हसू होतं. मला कळत होतं की मी काय करतेय, आणि थांबता येत नव्हतं.

"जिना चढता येतो?"

"येतो."

"बटणं लावताना अडचण?"

"काही नाही. सगळं करते मी."

"दुखतं का?"

"नाही, काही त्रास नाही."

त्यांनी मला बाकावर झोपवून पाय वाकवला, हात ताणला, हातोडीनं गुडघ्यावर मारलं, काहीतरी लिहिलं. मग बाईंनी माझे बूट उलटे करून तळवे पाहिले. नवे कोरे. दोन्ही टोकं सारखी. त्यांनी ते शेजारच्या माणसाला दाखवले आणि खाली ठेवले. "छान सुधारणा आहे," म्हणाल्या. मी थँक्यू म्हणाले. बाहेर पडल्यावर भिंतीला टेकून पाय चोळत बसले, घरी बसायचे तशीच.

दुपारी यादी भिंतीवर लागली. तिच्या नावापुढं सदतीस. माझ्या नावापुढं अडतीस.

मी आधी हसले. टाइप करणाऱ्यानं आकडे उलटे केले असणार. सरांना जाऊन म्हटलं, "सर, उलटं झालंय बघा." सरांनी यादी वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली. हरकत घ्यायची सोय असते. फॉर्म असतो, तो संघाच्या व्यवस्थापकानं भरून थोड्याच वेळात द्यावा लागतो. खेळाडूचं कुणी घेत नाही. आमचे व्यवस्थापक सरच. "तू इथं बस, मी बघतो," म्हणाले.

मी ऑफिससमोरच्या बाकावर बसले. बसूनच राहिले. माणसं आत-बाहेर करत होती, सर मात्र दिसेनात. शेवटी उठून शोधायला गेले, तर सर मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर होते. ती शेजारी उभी होती. सरांच्या शर्टाच्या खिशातून फॉर्मची घडी वर आलेली दिसत होती. कोरीच होती.

"सर, दिला नाही?"

"वेळ गेली आता."

"वेळ गेली म्हणजे? मी तिथं बसले होते!"

"आवाज कमी कर." त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, तुला सांगितलं त्यांनी की सुधारलीस. त्यात वाईट काय हाय? दहा वर्षं कशासाठी झटलो आपण? तू वरच्या वर्गात पळशील, ही सदतीसमध्ये. एकाच मैदानावरच्या दोघी दोन वर्गांत. उलट चांगलंच हाय."

"अडतीसमध्ये मला कोण जिंकू देणार आहे सर?"

त्यांनी कप पुन्हा उचलला. तिनं चहाचा कप डाव्या हातात घेतला होता. उजवा हात छातीशी होता, अंगठा बोटांखाली. मी शिकवला होता तसा.

तरीसुद्धा खरं सांगते, तेव्हाही मला पुरतं कळलं नव्हतं. माणूस स्वतःला किती फसवतो बघा. मला वाटलं, थंडी आहे, तिचा आखडला असेल.

संध्याकाळी आधी माझी शर्यत झाली. सात जणींत मी सहावी आले. अडतीसच्या पोरी माझ्या बाजूनं सुसाट गेल्या, त्यांच्या दोन्ही टाचा मला दिसत होत्या. मी माझ्या वेळेच्या जवळपास पळाले होते, वाईट नाही पळाले. पण तिथं ते पुरणारं नव्हतं. मग मी कठड्याला धरून सदतीसची शर्यत बघायला उभी राहिले.

गोळी सुटली आणि मी मलाच बघितलं. आत्ताची मी नव्हे. आठवी-नववीतली. हात गळ्यापर्यंत, पाय बाहेरून गोल फिरून येणारा, मान उजवीकडं. मी आता तशी पळत नव्हते, दहा वर्षांत तसं पळणं विसरलेही होते. ते फक्त सरांच्या मोबाईलमध्ये उरलं होतं. आणि पल्ल्याच्या मध्यावर, जिथं प्रत्येक प्रशिक्षक 'जोर लाव' म्हणून ओरडतो, तिथं माझे सर कठड्यावर वाकून ओरडले, "सांभाळून! सांभाळून!"

तेव्हा कळलं. तिला जोर कमी पडत नव्हता. जास्त होत होता.

ती पहिली आली. बोर्डावर तिची वेळ लागली. मी अडतीसमध्ये सहावी आले होते ती वेळ तिच्यापेक्षा चांगली होती. माझी जागा तिला मिळाली, आणि तीही मला न हरवता.

मी तिथल्या एका अधिकाऱ्याकडं गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तुमच्या प्रशिक्षकांमार्फत लेखी द्या. काही पुरावा असेल तर जोडा." पुरावा होता. माझ्या दहा वर्षांच्या चालण्या-पळण्याचे व्हिडिओ होते. सरांच्या मोबाईलमध्ये.

सरांना मी परतताना गाडीत एकच विचारलं. "सर, तुम्ही मला पहिल्यांदा उठवलं होतं पायरीवरून. ते कशाला?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला कळायचं न्हाई. एका खेळाडूवर, चौथ्या नंबरावर मैदान चालत न्हाई. पदक लागतं." मला त्यांचा राग येतो असं म्हणणं फार थोडं होईल. त्यांनी मला फसवलं. मी ज्याच्यासमोर हात लपवत नव्हते असा तो जगात एकच माणूस होता, आणि त्यानं तोच हात उचलून दुसरीला दिला. आजही मैदानात कुणी 'सर' म्हणून हाक मारली की मान आपोआप वळते. आणि मग स्वतःचाच संताप येतो.

ती आमच्या आधीच्या गाडीनं निघाली होती. मी खोलीवर पोचले तोवर तिचं सामान घेऊन गेलेली होती. माझे बूट पण नेले.

घरी सांगायला मी चार दिवस लावले. आई शेवंतीच्या माळा करत बसली होती. मी सगळं सांगितलं. यादी, फॉर्म, टपरी, ती पोरगी. आईनं आधी सरांना भरपूर शिव्या दिल्या. मग विचारलं, "पर त्या लोकांला दिसलं न्हाई व्हय तुझा पाय?"

"मी नीट चालले ना आई. ते म्हणले चालून दाखवा, आणि मी पाहुण्यांसमोर चालते तशी चालले."

आईच्या हातातली सुई तशीच राहिली. "म्यांच शिकवलं की गं तुला," एवढंच म्हणाली. मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. मला तिचाही राग आला होता, येताना बसमध्ये मी तिलाच बोलायचं ठरवून आले होते. पण ती अशी रडायला लागल्यावर काय बोलणार. मी तिच्यासमोर, हात उघडा ठेवून, गोठ्यापर्यंत माझ्या पायानं जशी चालते तशी चालत गेले आणि परत आले. तिनं पहिल्यांदा नीट बघितलं. "लई दुखतं का गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, टाच दाबल्यावर दुखतं, अशी चालल्यावर नाही.

पुढच्या थंडीत माझी पुन्हा तपासणी आहे. अर्ज मी वेगळ्या संघाकडून भरलाय. माझ्या कागदावर आता लिहिलेलं आहे की ही नीट चालते. या वेळी खरी चालले तर म्हणतील, सोंग करते. त्याचं काय करायचं ते मला अजून ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात मात्र एक झालं. सुट्टी होती म्हणून मी घरी जायला शिरूर स्टँडवरून चौफुल्याची बस पकडायला उभी होते. गर्दी बरीच होती. तेवढ्यात स्टँडच्या फाटकातून ती आली. पळत आली, बस सुटेल म्हणून. उजव्या खांद्याला जड पिशवी, उजव्या हातात मोबाईल, दोन्ही टाचा खणखणीत जमिनीवर. सुंदर पळते ती, मैदानावर तिला कधी तसं पळू दिलं नव्हतं. माझ्यापासून दहा पावलांवर आली आणि तिनं मला बघितलं.

ती थांबली. मोबाईल डाव्या हातात गेला. उजवं कोपर वाकलं, अंगठा बोटांखाली गेला. आणि ती बसच्या दाराकडं पाय घासत चालायला लागली. माझ्यासमोर. माझ्याच चालीनं.

माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्यानं, "नीट चाल गं बाई. पाव्हणं न्हाईत हितं कुणी."

तिची मान खाली गेली, पण पाय सरळ झाला नाही. गर्दीतल्या दोघांनी माझ्याकडंच रागानं बघितलं, असं कुणाला बोलतात का म्हणून. कंडक्टर दारात होता. तो ओरडला, "सरा, सरा, त्या ताईला आदी चढू द्या." त्यानं हात देऊन तिला वर घेतलं, अपंगांच्या सीटवर बसलेल्या माणसाला उठवलं आणि तिला बसवलं. मी मागून चढले. समोर सगळी अनोळखी माणसं ओळीनं बसलेली. माझा हात ओढणीखाली होता. कधी गेला ते कळलंही नाही. टाच दाबलेली होती. कंडक्टर म्हणाला, "ताई, तुम्ही धडधाकट हाय, जरा मागं सरका."

मी मागं सरकले नाही. ओढणी काढून खांद्यावर टाकली. उजवा हात बाहेर घेतला, तिच्या सीटच्या दांड्यावर, तिच्या डोळ्यांसमोर ठेवला आणि बोटं वळतात तशी वळू दिली. टाच सोडून दिली. कंडक्टरनं हाताकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि तिकिटाची मशीन हातात धरून तसाच उभा राहिला. बस हलली. ती न्हावऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली, आणि उतरताना कुणाचा हात न धरता, दोन्ही टाचा टेकवत, खाली उतरून पळत गेली.